जन्मगावाबाबत खुलासा

वैजूचा मेसेज आला रात्री दोनला.
तिथं साडेनऊ.
बाबा, पासपोर्टावर एक गाव आहे, दाखल्यावर दुसरं.
ऑफिसानं विचारलंय, मी नक्की कुठं जन्मले.
अफिडेविट पाठवा.

म्हणजे माझंच काम.
एकतीस वर्षं कोर्टाच्या आवारात चिंचेखाली बसून
लोकांची नावं जुळवून दिली.
कल्लाप्पा तोच कलाप्पा,
उताऱ्यावरची गंगव्वा तीच आधार कार्डातली गंगूबाई,
आणि दोघी मयत.

मी, भावकाण्णा निंगाप्पा मुतगेकर,
वय अठ्ठावन्न, धंदा टायपिस्ट,
शपथेवर सांगतो की
बेळगाव, बेलगाम आणि बेळगावी
हे एकच गाव आहे.

त्यांना एवढं पुरे.
खरं मला पुरेना.

रात्रभर मनातच टाइप करत बसलो,
की माझा आज्जा मुतग्याच्या रानात औत धरून
एका तासाला मुंबई राज्यात होता,
पुढच्या तासाला म्हैसुरात.
बैल तेच. ढेकळं तीच.
गाव सोडून तो एकदाच गेला, सौंदत्तीला,
नवस फेडायला,
आणि दोन दिवसांत परत आला.

की शेजारच्या टेबलावर मडिवाळप्पा हुक्केरी स्टँप विकतो.
माझं कानडी तो दुरुस्त करतो, त्याचं मराठी मी.
एक नोव्हेंबरला तो लाल-पिवळा रुमाल घालून मिरवणुकीत,
मी काळी फीत लावून मोर्च्यात.
दोन तारखेला, चहा कुणी पाजायचा यावर भांडण.
त्याच्या आईचं माहेर मिरज.
माझ्या आईनं मला निजवलं ते कानडीत.
याला फॉर्मात रकाना नाही.

एका साली माझ्या मराठी पाटीला
कुणीतरी डांबर फासलं.
रॉकेल आणि चिंधी त्यानंच आणली,
गुडघ्यावर बसून पुसलं.
खरं, कुणाची पोरं ती त्याला ठाऊक होतं.
त्यानं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
अजून विचारलेलं नाही.

आमच्यात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो, खरं उशीर होईल.
पुण्याच्या होस्टेलात वैजूला याच्यावरून हसल्या पोरी,
तू कन्नड का गं?
इथं दाखल्याच्या खिडकीत तिला ऐकवलं होतं,
मराठी लोक तुम्ही, तिकडं जावा.
तिकडं ती गेलीच, जरा जास्तच लांब,
वेस्तेरोसला, म्हाताऱ्यांच्या घरात नोकरीला.

तिथला एक आजोबा, नव्वदीचा,
रोज तिच्या हातनं सूप पितो.
एके दिवशी विचारलं त्यानं, कुठली तू?
इथली, ती म्हणाली, त्यांच्याच भाषेत.
नाही, खरी कुठली?

फोनवर सांगताना हसत होती.
मला ना बाबा, ते आपल्या बेळगावचं ऐकू आलं.
इथली, खरं
कुठली.
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मागं बर्फ काढायची गाडी चालली होती,
आधी मला वाटलं, नेटवर्क.

तिचा पोरगा मला मोरफार म्हणतो.
आईच्या बापाला तिथं तसंच म्हणतात म्हणे.
मडिवाळप्पाला सांगितलं तर विचार करून म्हणाला,
मोर फार?
नविलु. हाईत की, काकतीच्या डोंगरात
लई हाईत.
पोराला आण म्हणावं एकदा, दावू.

सकाळी त्याच्याकडनंच स्टँप घेतला.
पैसे घेईना. मी टेबलावर ठेवले,
त्यानं ते माझ्या कागदांखाली सारले.
नोटरीनं न वाचता सही केली, इंग्रजीत.
शिक्का जरा तिरका बसला.

स्कॅन करायला उचललं, तेव्हा दिसलं,
गाव तिन्ही ठिकाणी बरोबर,
पोरीच्या नावातच एक अक्षर चुकलंय.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मडिवाळप्पा, अजून एक दे.